आप्पांना सोडायला, मांजरांसकट

मांजर पकडायचं तर आधी त्याला वाटायला हवं की आपण त्याच्या वाटेलाच जाणार नाही. हे त्या सकाळी मला कुणी सांगितलं असतं तर माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाले नसते. सुरतेतल्या नवागामात, आप्पांच्या खोलीत, मी लोखंडी पलंगाखाली पालथी पडले होते. पदराला जाळी-जळमटं चिकटली होती आणि पार कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसलेला पिवळा बोका माझ्याकडे बघून फिसकारत होता. खाली गल्लीत व्हॅनवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच पलंगावर मांडी घालून बशीतून चहा पीत होते. आपली पन्नाशीला आलेली मुलगी खाली झाडूसारखी फिरतेय याचं त्यांना काही नव्हतं. बोक्याला लागेल, हळू धर, एवढंच म्हणाले.

मला इतका राग आला होता म्हणून सांगू. बोक्याचा नाही, आप्पांचा.

आप्पांना अकोल्याला माझ्या मोठ्या भावाकडे न्यायचं होतं. आप्पा तरुणपणी धुळ्याकडून सुरतेत आले, उधन्यात जन्मभर कापडाच्या लूमवर राबले आणि त्या खडखडाटात दोन्ही कान घालवून बसले. आई गेल्यापासून नवागामातल्या त्या भाड्याच्या, वरच्या खोलीत एकटेच राहत होते. मी जवळच, डिंडोलीत. सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन मी ती उभी लोखंडी शिडी चढायचे. आता मालकाला तिथं नवी बिल्डिंग उठवायची होती, त्यानं सगळ्यांनाच खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. आप्पांना माझ्याकडे आणावं तर माझ्या दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचा पलंग टाकला की चपला काढायला जागा उरत नाही. दादाचं घर तळमजल्यावर, पुढं अंगण, अंगणाला फाटक. दादा हो म्हणाला, वहिनी हो म्हणाल्या, माझा नवराही म्हणाला की आता त्यांची पाळी. आप्पा काहीच म्हणाले नाहीत. मग एके दिवशी डबा उघडता उघडता त्यांनी अट घातली.

अट अशी की चारही मांजरं बरोबर येतील. एक जरी मागं राहिलं किंवा वाटेत हरवलं, तर ते मिळेल ती उधन्याची गाडी पकडून परत येणार, मग खोली असो नाहीतर नसो. कुणाला वाटेल, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, मनावर काय घ्यायचं. पण आप्पा बोलतात कमी आणि बोललेलं करून मोकळे होतात. आईशी एकदा भांडण झालं तेव्हा यापुढं चहात साखर घेणार नाही म्हणाले होते, आई गेली तरी घेतली नाही.

चार मांजरं म्हणजे एक म्हातारी भुरी, तिच्या दोन लेकी आणि तो बोका. बोका कुठून आला कुणाला माहीत नाही, आला आणि राहिला. भुरी मात्र आईनं वाढवलेली. मला तिचं कौतुक नाही असं नाही, पण पाचशे किलोमीटर मांजरं घेऊन जायची म्हणजे डोक्याला केवढा ताप, हे डबा खाणाऱ्या माणसाला कसं कळणार? आधी रेल्वेचं बघितलं. तिथं कळलं की मांजरं टोपलीत घालून मागच्या सामानाच्या डब्यात द्यावी लागतील. आप्पांनी मान हलवली. ती त्यांच्या नजरेसमोरच हवीत. मग ओळखीतून व्हॅन ठरवली. नणंदेच्या हातापाया पडून तिला दोन दिवस सासूबाईंपाशी बसवलं, साड्यांना फॉल लावायचं काम हातातलं होतं ते शेजारणीच्या गळ्यात घातलं, आणि निघाले.

गल्लीत जो तो विचारत होता, कुठं चाललात? मी म्हणत होते, आप्पांना दादाकडे सोडायला. दहा जणांना तरी मी हे सांगितलं असेन. त्यात वावगं काय आहे, सगळे असंच बोलतात.

बोका शेवटी सापडला तो आप्पांमुळेच. लूमवर माणूस माणसाला हाक मारत नाही, मारली तरी ऐकू जात नाही, म्हणून ही सगळी माणसं टाळी वाजवतात नाहीतर शीळ घालतात. आप्पा मांजरांनाही तशीच टाळी देत, एक मोठी आणि लगेच दोन बारक्या. चहा संपल्यावर त्यांनी निवांत बशी खाली ठेवली, टाळी दिली, आणि तो मेला बोका माझ्या डोक्याजवळून सरळ त्यांच्या मांडीवर. मग आधी का नाही वाजवली, असं मी विचारलं. तू विचारलं नाहीस, म्हणाले.

भाजीवाल्यांकडची प्लास्टिकची क्रेटं आणली होती. एकावर एक पालथं घालून सुतळीनं बांधलं की पिंजरा होतो. एकात बोका, एकात दोघी लेकी. भुरीला क्रेटात घालायला आप्पा तयार नव्हते, तिला चेन असलेल्या कापडी पिशवीत घेऊन, डोकं तेवढं बाहेर ठेवून ते मागच्या सीटवर बसले. मी त्यांना चार वेळा बजावलं होतं की सकाळी मांजरांना काही खायला घालू नका, गाडी लागते. त्यांनी पहाटे उठून चौघांना पोटभर दूध पाजलं होतं. उपाशी पोटी कुणी प्रवासाला निघतं का, हा त्यांचा प्रश्न.

बारडोली यायच्या आतच त्या दुधाचा निकाल लागला. व्हॅनवाला पन्नाशीचा गुजराती माणूस, शांत वाटत होता, पण त्यानं तोंडाला रुमाल बांधला आणि मला गुजरातीत ऐकवलं की भाडं ठरवताना माणसं सांगितली होती, हे नव्हतं सांगितलं. मीही त्याला चार शब्द उलट सुनावले. मी खिडक्या उघडल्या तर गरम वाऱ्याचा लोट आत, बंद केल्या तर वास. वर्तमानपत्रं बदलू तेवढी थोडी. व्याऱ्याला पोचेपर्यंत दोघी लेकींनी सुतळी कुरतडून क्रेटाचं झाकण उचललं होतं, म्हणून ते दोन्ही हातांनी दाबून धरून बसावं लागलं. आणि ओरडणं तर अखंड. एक थांबलं की दुसरं सुरू, पाळ्या लावल्यासारख्या. आप्पांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते भुरीचं डोकं कुरवाळत बाहेरची उसाची शेतं बघत होते. मी मनातल्या मनात दादाला शिव्या घालत होते, कारण तो घरी पंख्याखाली बसला असणार.

सोनगड मागं पडलं आणि त्याचाच फोन आला. माझे दोन्ही हात क्रेटावर, म्हणून मी व्हॅनवाल्याला फोन स्पीकरवर टाकून मधे ठेवायला सांगितलं. दादा विचारत होता कुठं पोचलात, जेवलात का. मागून वहिनींचा आवाज आला. वहिनी वाईट नाहीत, पण मनातलं ओठावर यायला त्यांना वेळ लागत नाही. त्या म्हणाल्या, चार म्हणजे जरा जास्तच होतात हो, वाटेत एखाद्या धाब्यावर सोडून दिली तर? तिथं खायलाही मिळतं त्यांना. दादानं त्यांना गप्प केलं आणि मला म्हणाला, ते जाऊ दे, तू आप्पांना सोडून लगेच पळू नकोस, एक दिवस राहा. मी तापलेलीच होते. फोनकडे तोंड करून मी मोठ्यानं म्हणाले की मांजरं मी सोडणार नाही, आणि आप्पांना सोडून मला उद्याच्या उद्या परत निघायचंय, माझ्या घरी कोण बघणार?

बोलून झाल्यावर सहज बघितलं तर आप्पा माझ्याकडे बघत होते. लूमवरची माणसं कानापेक्षा ओठांवरून जास्त ऐकतात. त्यांना दादाचं ऐकू गेलं की नाही मला सांगता येणार नाही, माझं मात्र गेलं.

आमच्या गल्लीत मांजर सोडणं म्हणजे काय हे लहान पोरालाही माहीत असतं. एखाद्या घरात मांजर नकोसं झालं की त्याला गोणीत घालतात, तोंड बांधतात आणि सायकलवर टाकून तापीच्या पार नेतात. वाटेत दोन-चार वेळा गोणी गरागरा फिरवतात, म्हणजे त्याला दिशा कळत नाही. मग कुठंतरी लांब गोणीचं तोंड उघडायचं आणि मागं न बघता निघायचं. ते करून आलेला माणूस घरी येऊन सांगतो, सोडून आलो. आणि आपण पोराला शाळेत सोडतो, पाहुण्याला स्टँडवर सोडतो, तेव्हाही हेच म्हणतो. इतक्या वर्षांत माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

त्या वेळीही आलं नाही, खरं सांगायचं तर. नवापूरला व्हॅनवाला चहाला थांबला. मी क्रेटांतली घाण काढून नळावर हात धुवायला गेले. परत आले तर बोका होता, दोघी लेकी होत्या, आणि मागची सीट रिकामी होती. आप्पा नव्हते, भुरीची पिशवी नव्हती. व्हॅनवाला पानाच्या टपरीवर होता, त्यानं काही बघितलं नव्हतं. मी आधी मुतारीकडे गेले, मग हॉटेलात, मग रस्त्याच्या पलीकडे. त्यांना हाक मारून उपयोग नाही, ऐकू येत नाही, तरी मी येडीसारखी हाका मारत होते. मी घाबरले होते आणि त्याच वेळी तळपायाची आग मस्तकात गेली होती. दोन्ही एकाच वेळी होतं ते त्या दिवशी कळलं.

ते एस. टी. स्टँडवर सापडले. सुरतेकडच्या गाड्या लागतात तिथं बाकावर बसले होते, पिशवी मांडीवर, भुरीचं डोकं बाहेर. दोघंही गाडी यायच्या दिशेला बघत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि जे तोंडात येईल ते बोलले. म्हातारपणी काय हा तमाशा, माझ्या जिवाला घोर का लावता, चार मांजरांसाठी मी सकाळपासून मरतेय ते दिसत नाही का, मी माझी माणसं टाकून कुणासाठी आले. स्टँडवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. बघू देत. आप्पा माझ्या ओठांकडे बघत राहिले. माझं संपलं तेव्हा ते शांतपणे बोलले.

"सोडनं व्हई ते आठेच सोडी दे. आठून माले रस्ता माहीत शे."

घरात आम्ही अहिराणीच बोलतो. सोडायचं असेल तर इथंच सोड, इथून मला रस्ता माहीत आहे, असं ते म्हणत होते. आणि खरंच होतं ते. गावाकडून सुरतेला याच रस्त्यानं त्यांचं जन्मभर जाणं-येणं झालं होतं. धुळ्याच्या पुढचं मात्र त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. अकोल्याला एकदाच गेले होते, दादाच्या वास्तुशांतीला, तेही गाडीत झोपून.

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले. रागानं बोलायला शब्द पुष्कळ होते, आता एक सापडेना. मी म्हणाले, आप्पा, तुम्हाला सोडायला नाही हो, पोचवायला चाललेय. ते म्हणाले, पोचवतात ते सामान. मग ठेवायला म्हणणार होते, तो शब्द ओठावर यायच्या आत गिळला. गुजरातीत 'मूकवा' म्हणतात, त्याचाही अर्थ ठेवायला नाहीतर सोडायला. दिवसभर तीन-तीन भाषा बोलणारी मी बाई, आणि बापाला मुलाच्या घरी नेण्यासाठी मला एक बरा शब्द मिळाला नाही. मला स्वतःचीच चीड आली, आणि त्यांचीही, कारण त्यांनी ही अडचण करून ठेवली होती. नाहीतर आम्ही एव्हाना साक्रीला पोचलो असतो.

शेवटी मी म्हणाले, मी पण राहते तिथं. किती दिवस, त्यांनी विचारलं. मांजरं रुळेपर्यंत, मी म्हणाले. नव्या घरी मांजरांना काही दिवस कोंडून ठेवावं लागतं, नाहीतर ती जुनं घर शोधत सुटतात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. दार उघडल्यावर बाहेर जाऊन आपली आपण परत आली की समजायचं, रुळली. आप्पांनी यावर विचार केला. तेवढ्यात सुरतेची गाडी लागली, कंडक्टर दारात उभा राहून ओरडायला लागला, माणसं चढली. आप्पा गाडी सुटेपर्यंत तिच्याकडे बघत होते. मग भुरीचं डोकं त्यांनी अलगद पिशवीत घातलं आणि उठले.

पुढचा रस्ता कसा गेला विचारू नका. धुळ्याच्या पुढं ऊन असं की मांजरांनीही ओरडायचं सोडून दिलं. जळगावात व्हॅनवाल्यानं आपणहून थांबून त्यांना पाणी पाजलं, तेव्हा मला त्याच्याशी भांडल्याचं थोडं वाईट वाटलं. अकोल्यात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चारही मांजरं जिवंत होती, आप्पाही होते, आणि माझ्या अंगाला असा वास येत होता की दादानं मला आधी बाथरूम दाखवलं.

मग सुरू झालं ते कोंडून ठेवण्याचं. मागची खोली मांजरांना दिली आणि आप्पाही तिथंच राहिले. बोक्यानं पहिल्याच दिवशी तिथल्या, वहिनींच्या नव्या गादीवर आपली हद्द आखून घेतली. वहिनी वाटीत दूध ओतायच्या आणि ओततानाच बोलायच्या, बोलायच्या आणि पुन्हा ओतायच्या. तिकडे नणंद दिवसातून दोनदा फोन करून आपली पाठ कशी दुखतेय ते सांगत होती. नवरा म्हणाला, मांजरं रुळायची वाट बघत बसलीस तर इथं आईचं कोण करणार? शेजारणीनं फॉलचं काम आपल्याच नावावर करून घेतलं. मी जिथं तिथं फक्त उत्तरं देत होते. कुणालाच माझं पटत नव्हतं, आणि मला स्वतःलाही किती पटत होतं देव जाणे. रोज सकाळी मी आप्पांना विचारायचे, आज उघडायचं का दार? ते भुरीकडे बघायचे आणि नाही म्हणायचे. मला वाटायचं, मुद्दाम करताहेत.

एका सकाळी ते स्वतःहूनच उठले आणि त्यांनी अंगणाकडचं दार सताड उघडलं. आम्ही सगळे मागं उभे राहिलो, वहिनीसुद्धा हातात लाटणं घेऊन. दोघी लेकी बाहेर गेल्या, तुळशीच्या कुंडीपाशी हुंगत बसल्या. बोका भिंतीवर चढला, पलीकडे उतरला, दिसेनासा झाला. हा गेला तर आप्पा गेले, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू. पण थोड्या वेळानं तो फाटकाखालून आत आला आणि ओट्यावर येऊन पंजा चाटत बसला. भुरी तर पायरीवरून हललीच नव्हती. दादा हसला. वहिनी हुश्श म्हणाल्या. मी मनात बॅग भरायला घेतली, दुपारची गाडी मिळेल का याचा हिशोब करायला लागले.

तेव्हाच आप्पांनी चपला घातल्या. अंगण ओलांडून ते फाटकापर्यंत गेले, कडी काढली आणि बाहेर रस्त्यावर उभे राहिले. आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे. मी धावत त्यांच्यापाशी गेले. त्यांनी माझ्याकडे तोंड केलं.

"टेसन कोनता बाजूले शे?"

माझं डोकंच फिरलं. एवढं सगळं केलं, घरदार सोडून इतके दिवस त्या खोलीबाहेर ताटकळले, सगळ्यांचे टोमणे ऐकले, चारच्या चार मांजरं दाखवली, आणि यांना स्टेशन हवंय. मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मी जास नही," ते म्हणाले. "माले फक्त माहीत पाहिजे."

मी हात लांब करून त्यांना दाखवलं, या रस्त्यानं सरळ, दवाखान्यापाशी डावीकडे, पुढं पूल येतो. त्यांनी माझ्या हाताच्या टोकापासून पुढं नीट बघून घेतलं, दोन वेळा मान हलवली. फाटकातून आत आले, कडी लावली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आते तू जाय, बाई."